अभिप्रायवही आणि सात वलांडी

"दुपारी समुद्र नव्हता. व्यवस्थापनाने लक्ष घालावे."

हा अभिप्राय मी स्वतः वाचलेला आहे, कारण ती वही माझ्याच ताब्यात असायची. लिहिणारे गृहस्थ मुंबईच्या एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. चिंचणीचा किनारा सपाट. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समोर नुसती ओली वाळू आणि चिखल उरतो. साहेब जेवून आडवे झाले तेव्हा समुद्र होता, उठले तेव्हा नव्हता. मी म्हटलं, संध्याकाळी परत येईल. ते म्हणाले, "संध्याकाळी आमची गाडी आहे." आता याला मी काय करणार होते?

साठच्या दशकात चिंचणीला सुरूच्या बनात बारा खोल्यांचं एक विश्रामगृह होतं आणि मी त्याची व्यवस्थापिका होते. त्याचं नाव देत नाही. शेठ आता हयात नाहीत आणि त्यांच्या मुलांशी माझं काही भांडण नाही. मी पालघरची, मॅट्रिक झालेली. लग्न दोन वर्षं टिकलं. नवरा सोडून गेला, मुलगी पदरात राहिली. तिला आईकडे पालघरला शाळेत ठेवलं आणि मी इथे नोकरीला आले. लोक 'बिचारी' म्हणायचे. त्या शब्दाची मला तेव्हाही चीड होती आणि आजही आहे. शेठनी मला ठेवलं ते काही दयेनं नाही. इंग्रजीत दोन ओळी लिहिणारं, हिशोबात न अडकणारं आणि त्या एकांतात टिकणारं दुसरं माणूस त्यांना मिळालंच नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, समुद्रकाठच्या विश्रामगृहात काम ते काय असणार? किल्ली द्यायची आणि चहा पाठवायचा. खाऱ्या हवेत दर महिन्याला कड्याकोयंडे गंजतात. गाद्या रोज उन्हात टाकाव्या लागतात, नाहीतर आंबट वास धरतात. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही आणि चहा फाटतो. ढेकूण मारावे तितके मुंबईहून नवे येतात, होल्डॉलमधून. पाहुण्याला पहिल्या दिवशी समुद्र दिसतो, दुसऱ्या दिवशी ढेकूण दिसतात, तिसऱ्या दिवशी घर आठवतं आणि चौथ्या दिवशी तो अभिप्रायवही मागतो.

ही वही म्हणजे शेठचा जीव की प्राण. महिन्यातून एकदा बोईसरहून टांग्याने येत आणि आल्या आल्या, चहाच्या आधी, वही वाचत. डाळ कच्ची, पाणी खारट, बिछान्यात ढेकूण, असं काही निघालं की माझी खरडपट्टी ठरलेली. दोनतीन वेळा तर नोकरी जाते की काय अशी पाळी आली. मग मी एक युक्ती काढली, आणि आज ती लिहून टाकणार आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

विश्रामगृहाच्या फाटकापुढे कोरड्या वाळूत हिराबायच्या सात वलांडी होत्या. वलांडी म्हणजे दोन उभे खांब आणि त्यांच्यामध्ये एकाखाली एक ताणलेल्या दोऱ्या. त्यांवर बोंबील सुकतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. वाऱ्यावर दोनतीन दिवसांत बोंबील कडक होतात. हिराबायचा नवरा आणि दीर होडीवर जात, ती मासळी सुकवी, आणि सकाळचे चार तास आमच्या भटारखान्यात स्वयंपाक करी. तिच्या हातची कालवणं खाऊन लोक बोटं चाटत. वहीत मात्र त्याबद्दल कुणी ओळ लिहिली नाही.

तर पाहुणा वही मागायला आला की मी आधीच विचारायची, "सगळं ठीक ना? वासाचा त्रास नाही ना झाला? समोरची ती मासळी. आमचा इलाज नाही हो. वहीत लिहा, शेठ वाचतात." एरवी ज्याच्या नाकाला काही लागलं नव्हतं त्यालाही मग वास येऊ लागायचा. तो तावातावाने अर्धं पान मासळीवर खरडायचा आणि ढेकूण विसरून जायचा. शेठ वाचायचे, चुकचुकायचे, आणि म्हणायचे, "यात तुमचा काय दोष?" माझी नोकरी शाबूत. तीन वर्षं मी हे केलं. हिराबाय आत माझ्यासाठी भाकरी थापत असायची आणि मी बाहेर तिच्या बोंबलांविरुद्ध माणसं उभी करत असायची.

त्या सुमारास तारापूरला मोठ्या वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं. परदेशी इंजिनियर येऊ लागले, उमरोळीपासून तारापूरपर्यंत जागांना भाव आला. शेठच्या डोक्यात आलं की सगळं विश्रामगृहच या लोकांना वर्षावर्षाच्या बोलीने द्यावं. एक इंजिनियर आणि त्याची बायको आठ दिवस राहून बघणार होते. शेठ मला म्हणाले, "बाई, तेवढे आठ दिवस समोरचं ते सगळं उचलायला सांगा. तुमचं ती ऐकते."

मी हिराबायला सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती, हात थांबला नाही.

"दोऱ्या काढते, बाय. खांब नाय काढायचं."

"खांबच तर दिसतात. का नाही काढायचे?"

"नाय काढत आमी. पावसात पन नाय काढत. खांब काढला का जागा उघडी पडते."

"आठच दिवस. नवव्या दिवशी परत रोवू. माझा शब्द."

तिने मान वर केली. "तुजा शब्द?"

"माझा."

"मंग काढते," ती म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

मी पालघरची. समुद्र आमच्यापासून काही कोसांवर, पण कोसांवरच. किनाऱ्यावर जमिनीचे कागद कुणाकडेच नसतात, जिथे पिढ्यान्पिढ्या ज्याचा खांब तिथे त्याची जागा, ही रीत मला ऐकून ठाऊक होती, अंगात मुरलेली नव्हती. मला वाटलं, खांब काय, बांबूच तो. त्याच दुपारी चौदा खांब उपटले आणि बनाच्या मागे, विहिरीजवळ कसेबसे उभे केले. तिथे सुरूच्या आडोशाने वाराच लागत नव्हता. चौथ्या दिवशी बोंबील पिवळे पडायला लागले, चिकट झाले. मी पाहिलं आणि गप्प बसले. अजून चारच दिवस, म्हटलं. शिवाय आता वलांडी मागच्या खिडक्यांखालीच आल्या होत्या आणि मासळी सुकण्याऐवजी कुजत होती, त्यामुळे कधी नव्हे तो खरोखरीचा वास सुटला. उंटावरचे शहाणे ते आम्हीच.

इंजिनियर दिवसभर कामावर असायचा. त्याची बायको उंच, चेहऱ्यावर तांबूस ठिपके, वेळ जात नाही म्हणून भटारखान्यात येऊन बसायची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं. तिचं गाव उंच डोंगरात. वर्षातले सहा महिने बर्फ. लोक लांबून लांबून येतात, पायांना लांब फळ्या बांधतात आणि उतारावरून घसरतात. तिच्या वडिलांचं तिथे हॉटेल होतं आणि लग्नापर्यंत ती तिथेच राबली होती. मी हे हिराबायला मराठीत सांगितलं.

"घसरायला एवढ्या लांब जातात?" हिराबाय म्हणाली. "आमच्या खाडीत या म्हनावं. चिखलात फुकट पडा."

मी ते उलट इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, आमच्याकडेही वही असते. एकाने लिहिलं होतं, बर्फ गरजेपेक्षा जास्त थंड आहे. दुसऱ्याने लिहिलं, खिडकीसमोरचं धुकं काढून टाकावं, डोंगर दिसत नाही. मी तिला दुपारी नसलेल्या समुद्राची हकीकत सांगितली. पाहुणा कुठलाही असो, त्याची जात एकच, यावर आमचं एकमत झालं.

मग ती सहज म्हणाली, "आमच्या चुलीचा धूर खोल्यांत शिरायचा, पावही कधीकधी दगडासारखा असायचा. म्हणून वडिलांनी मला शिकवलं होतं, जाणाऱ्याला जेवण कसं होतं असं विचारायचं नाही. बर्फ कसा वाटला, असं विचारायचं. मग तो बर्फावर रागावतो. बर्फाचं काय बिघडतं?"

मी हसत हसत हिराबायला हे सांगायला लागले आणि अर्ध्यावर जीभ अडकली. हिराबाय माझ्याकडे बघत होती, पुढचं ऐकायला. मी म्हटलं, "काही नाही, असंच." मला इतकी लाज क्वचित वाटली असेल. बर्फाचं काही बिघडत नव्हतं. हिराबायचं बिघडत होतं, आणि विहिरीमागे ते सडताना मला रोज दिसत होतं.

आठ दिवसांनी जोडपं गेलं. त्यांना विश्रामगृह पसंत पडलं नाही. बाईने जाताना स्वच्छ सांगितलं की मागच्या बाजूला घाण वास येतो. तिचं खरं होतं.

नवव्या दिवशी सकाळी हिराबाय आणि तिच्या दोन जावा खांब घेऊन पुढे आल्या आणि थबकल्या. त्यांच्या जागेभोवती तारेचं कुंपण होतं. बोईसरहून आदल्या दिवशी गडी आले होते. मला वाटलं होतं, फाटकाची दुरुस्ती असेल. मी धावत गेले. पाठोपाठ शेठचा टांगा आला.

"इथे बाग करायची," शेठ म्हणाले. "बाकं टाकू, फुलझाडं लावू. सरकारकडे अर्ज केलाय, जागा मोकळी पडलीय म्हणून. गुरुवारी पाहणीला साहेब येतील."

"शेठ, मी आठ दिवसांचा शब्द दिला होता."

"तुम्ही दिला होता. मी नव्हता दिला." मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने म्हणाले, "आणि खरं म्हणजे हे तुमच्यामुळेच जमलं बाई. वहीतली वासाची पानं मी खुणा घालून ठेवलीत. साहेबांना दाखवणार. तीन वर्षांच्या तक्रारी आहेत. फक्त गुरुवारी तुम्ही एवढंच सांगायचं, की हे सगळं खरं आहे."

भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, असं म्हणतात. इथे ओसरी माझी नव्हतीच. दुसऱ्याची ओसरी मी देऊन बसले होते.

हिराबाय तशीच वळली. विहिरीमागे गेली, सगळे बोंबील उतरवले आणि वाळूत खड्डा करून पुरले. पावसाळ्यात कालवणाला, लग्नाकार्याला, बाजारात विकायला जे असतं ते सगळं त्यात गेलं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकाला आली नाही. पाहुण्यांना मी पिठलं वाढलं.

बुधवारी सकाळी मी तिच्या दारात गेले. ती जाळं शिवत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ढेकूण, मचूळ पाणी, वही, आणि पाहुण्यांच्या तोंडात मी घातलेला वास. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर मला रडू आलं, पण तिने बस म्हटलं नाही की पाणी दिलं नाही.

तिने जाळ्याची एक गाठ आवळली आणि म्हणाली, "माज्या हातचं खाऊन?"

"हो."

"बोलून झालं? मंग आता बोलून काय व्हायचं. ओहोट कवा हाय ते ठावं हाय का तुला?"

"नाही."

"दुपारी. तवा वालूतलं पानी खाली जातं, खनता येतं. हात लावायचा आसंल तर ये."

मी गेले. पदर खोचून, भर दुपारी, बारा खोल्यांतल्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. शेठच्या कुंपणाचे खांब गड्यांनी नुसते वाळूत खुपसले होते. वाळू तशी कुणाला धरून ठेवत नाही. दोन हिसक्यांत खांब हातात यायचा. हिराबाय, तिच्या दोन जावा आणि मी, आम्ही चार बायकांनी तार गुंडाळून फाटकापाशी नीट रचून ठेवली, कुणी चोरी केली म्हणू नये म्हणून. मग हिराबाय गुडघ्यांवर बसून हाताने वाळू उपसू लागली. हातभर खाली दगडांचं कडं लागलं. काळे, गुळगुळीत, कालवांच्या शिंपा चिकटलेले दगड, गोल रचलेले. खांब त्या कड्यात बसवून वरून वाळू ठासली की वादळातही हलत नाही. अशी चौदा कडी. तिला एकही शोधावं लागलं नाही. चालत जायची, थांबायची आणि म्हणायची, "हितं." तिथे ते असायचंच.

व्हरांड्यातून एका पाहुण्याने विचारलं, "मॅनेजरबाई, हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "जागेची माणसं जागेवर येतायत. तुम्हाला चहा पाच वाजता मिळेल."

गुरुवारी साहेब आले. मध्यम वयाचे, धुळीने माखलेले, बोलायला कमी. शेठ त्यांना फाटकाबाहेर घेऊन आले आणि जागच्या जागी उभे राहिले. सातही वलांडी उभ्या होत्या. सकाळीच होडी आली होती, दोऱ्यांवर ताजे बोंबील लटकत होते.

"जागा मोकळी आहे, असं अर्जात आहे," साहेब म्हणाले.

"होती," शेठ म्हणाले. "काल दुपारी या बायकांनी बळजबरीने हे ठोकलंय."

हिराबाय पुढे आली. तिने एका खांबाच्या बुडाशी वाळू उकरली आणि दगडांचं कडं उघडं केलं. "हे काल ठोकल्यालं हाय? माज्या आजेसासऱ्यानं बसिवलं. त्या टायमाला ह्यांचं सुरूचं बन पन नवतं."

साहेब वाकले, एक दगड बोटाने हलवून पाहिला. हलला नाही. मग शेठनी वही पुढे केली. खुणा घातलेली पानं एकामागून एक उलटून दाखवली. दुर्गंधी, असह्य, आरोग्यास घातक, व्यवस्थापनाने तातडीने. साहेब शांतपणे वाचत होते. पालघरला मुलगी होती, तिची शाळा होती, आणि नोकरी लावून द्यायला माझ्यामागे कुणी नव्हतं.

"वही कोण सांभाळतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "हे अभिप्राय माझे आहेत. हात तेवढे पाहुण्यांचे."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे ढेकूण आहेत. पाणी मचूळ आहे. ते कुणी लिहू नये म्हणून मी प्रत्येकाला विचारायची, मासळीचा वास येतो का. आणि हे खांबही माझ्या शब्दावर आठ दिवस निघाले होते. पिढ्यांत पहिल्यांदा."

शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, पण मी पाहिला नाही. मी साहेबांकडे बघत होते.

"वास येत नाही म्हणता?" साहेब म्हणाले.

"येतो. हा काय, आत्ताही येतोय. समुद्रावर मासळीचा वास यायचाच. ज्याला नको असेल त्याने बर्फाच्या डोंगरावर जावं. तिथे फक्त थंडीची तक्रार असते, असं ऐकलंय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हिराबायला वाचून दाखवलं. जागा वापरात आहे, जुनी वहिवाट दिसते, एवढंच. मग टांग्यात बसून गेले.

शेठनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. "ज्या ताटात जेवलात त्यालाच भोक पाडलंत."

"जेवण हिराबायचं होतं, शेठ."

"निदान मुलीचा तरी विचार करायचा."

"तिचाच केला," मी म्हटलं आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

पण बाहेर आले आणि बोचकं बांधलं. ताठ मानेने बोलायला काही लागत नाही, पुढची सकाळ निघायला हवी. मी बोचकं घेऊन वाळूतून निघाले होते. हिराबाय दोरीवर बोंबलांच्या जोड्या टाकत होती. तिने मागे न बघता विचारलं, "कुटं निघालीस?"

"पालघरला. आईकडे."

"आन तिथं काय करनार?"

तिने पायाने वाळूवर दोन ठिकाणी रेघ मारली, आपल्या शेवटच्या खांबापलीकडे. "हितपातुर आमची जागा. दोन वलांडी बसतील. दगड खाडीवर मिलतील, पन खड्डा तूच खन. मी नाय खनायची. अजून राग हाय माजा."

तिचा राग दोन वर्षं टिकला. त्या दोन वर्षांत तिनेच मला मासळी ओळखायला शिकवलं, वारा ओळखायला शिकवलं आणि मांडवाखाली माझी खानावळ उभी करून दिली. तारापूरच्या बांधकामावरचे लोक दुपारी रांगेने यायचे, "बाई, वो सूखा बोंबील है क्या?" म्हणत. मुलगी सुट्टीत आली की जबड्यात जबडे अडकवायला बसायची.

माझी नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत शेठच्या पाहुण्यांनी समुद्राकडच्या खिडक्या उघडल्या, तेव्हा समोर सात वलांडी नव्हत्या. नऊ होत्या. जादाच्या दोन माझ्या.